ड्रायरमागची जागा

घाणीची किळस थोरलीला कधीच आली नाही. इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात निम्मं आयुष्य घालवलेल्या बाईला ती परवडतही नाही. रक्ताने कडक झालेल्या चादरी, औषधांनी पिवळे पडलेले अभ्रे, कुणाच्या तरी उलटीने भिजलेले टॉवेल, हे सगळं गठ्ठ्यांत बांधून यायचं आणि बाया ते सोडवता सोडवता सासवांची उणीदुणी काढत बसायच्या. दुपारी त्याच हातांनी, साबणाने घासून का होईना, डबे उघडायच्या. पण जिला खरी शिसारी म्हणतात ती थोरलीला आली, आणि ती आली गोड बोलण्याची आणि फुलांच्या वासाच्या फवाऱ्याची.

थोरली इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर होती. तिची धाकटी जाऊ निवडीच्या टेबलावर. निवड म्हणजे कारखान्यातलं सगळ्यात ओंगळ काम. आलेले गठ्ठे सोडायचे, चादरी एकीकडे, गाऊन एकीकडे, टॉवेल एकीकडे. हातात मोजे असत, पण ते कांद्याच्या सालीइतके पातळ. इस्पितळातली घाईगर्दीतली माणसं चादरीबरोबर काय काय गुंडाळून पाठवतील याचा नेम नसे. आदल्या वर्षी धाकटीच्या बोटात सुई घुसली होती. कुणाच्या अंगातून निघालेली, देव जाणे. मग महिनोन्‌महिने रक्ताच्या तपासण्या झाल्या. सगळ्या चांगल्या आल्या, घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, पण धाकटीचा श्वास काही सुटला नाही. गठ्ठ्याची गाठ सोडायला गेली की तिचे हात लटपटायचे आणि छातीत काहीतरी अडकायचं.

हे मुकादमाला कळून चालणार नव्हतं. लटपटत्या हाताची बाई टेबलावर चालत नाही, आणि टेबलावर न चालणारी बाई हळूहळू कुठेच चालत नाही, हे त्याचं धोरण सगळ्यांना पाठ होतं. थोरलीच्या नवऱ्याने अंथरूण धरल्यापासून घर दोघी जावांच्या हातांवर चाललं होतं, त्यामुळे त्या हातांनी लटपटून भागत नव्हतं.

म्हणून ड्रायरमागची जागा होती. मोठ्या ड्रायरांच्या रांगेच्या आणि मागच्या भिंतीच्या मध्ये एक बोळ होता, त्याच्या टोकाला जुनी, बिनदाराची अडगळीची खोली. तिथे गरम असे, आणि ड्रायरांचा आवाज असा की माणूस गळा काढून रडला तरी शेजारच्याला पत्ता लागू नये. बायांची एक रीत होती. जिला भरून यायचं तिने एक ओला टॉवेल खांद्यावर टाकायचा आणि मागे जायचं. येताना कोरडा टॉवेल घेऊन यायचं. मुकादमाने हटकलंच तर टॉवेल वाळवायला गेले होते म्हणून सांगायचं. तो तिकडे वळलाच तर ड्रायर सांभाळणारी मावशी यंत्राच्या दारावर तळहात आपटायची. आणि परत आलेल्या बाईला काय झालं म्हणून कुणी विचारायचं नाही. ही रीत कुणी घालून दिली ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण ती मोडल्याचंही कुणाला आठवत नव्हतं.

अशात संशोधक बाई आल्या. कामाच्या ठिकाणचं मानसिक आरोग्य, असा त्यांचा विषय. बाई दिसायला प्रेमळ, मान एका बाजूला कलती करून ऐकायच्या आणि दर वाक्याला 'हूं, हूं' करायच्या, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांचं नाव हूं-हूं बाई पडलं. त्या म्हणाल्या, "हे माझं संशोधन नाही. हे तुमचं संशोधन आहे. प्रश्न तुमचे, उत्तरं तुमची. आम्ही फक्त सोबत आहोत."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. फुकटची सोबत म्हणजे काय भानगड असते, ते त्यांना माहीत होतं.

मग बाईंनी बायांमधूनच एक समुदाय-संशोधक निवडायचं ठरवलं आणि थोरलीला निवडलं. थोरलीला चार माणसांत बोलता येई, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडेही. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, गळ्यात ओळखपत्र आलं, हातात छोटं रेकॉर्डिंगचं यंत्र आलं. तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला तेवढं पुरेसं झालं. घरी आल्यावर तिने ते ओळखपत्र खुंटीला अडकवलं, तेही सगळ्यांना दिसेल असं.

पहिली मुलाखत तिने घेतली ती धाकटीची, स्वयंपाकघरात.

"ताई, नको गं. कशाला?" धाकटी म्हणाली.

"अगं, नाव येणार नाही कुठे. बाईंनी शब्द दिलाय. आपलं दुखणं आपणच नाही सांगितलं तर कोण सांगणार?"

धाकटी बोलली. कणीक मळता मळता, मान वर न करता, सुईचं बोलली, श्वासाचं बोलली, टॉवेलचं बोलली. थोरलीने तिच्या तोंडासमोर यंत्र धरलं होतं, आणि जावेचे डोळे भरून आले तेव्हा तिच्या मनात आलं की मुलाखत छान झाली. ही गोष्ट पुढे आठवली की तिला स्वतःच्याच तोंडावर थुंकावंसं वाटे.

मग एके दिवशी जेवणाच्या खोलीत सगळ्यांना गोल बसवून चर्चा झाली. टेबलावर बिस्किटं होती. बाईंनी विचारलं, काय झालं तर तुम्हाला बरं वाटेल? बायांनी एकसुरात सांगितलं, जाड मोजे द्या. आणि सुया टाकणाऱ्या इस्पितळाचे गठ्ठे न सोडता परत पाठवा. बाई हूं हूं म्हणाल्या. मग मान आणखी कलती करून म्हणाल्या, "मोज्यांचा विषय खरेदी विभागाचा आहे, बरं का. आपला विषय मनाचा. मला सांगा, तुम्ही स्वतःच स्वतःला कशा सावरता? तुमच्यात काय बळ आहे?"

कुणी बिस्किटाचा तुकडा मोडत बसलं, कुणी पदराची दशी ओढत. बाईंनी थोरलीकडे पाहिलं, असं पाहिलं की जणू सगळं संशोधन आता तिच्या जिभेच्या टोकावर अडलंय. थोरलीला तो शांतपणा सोसवेना. आपल्या बायांना काही येत नाही असं बाईंना वाटू नये, असंही तिला वाटलं. आणि ती बोलून गेली. बोळ, टॉवेल, मावशीचा तळहात, सगळं.

हूं-हूं बाईंचा चेहरा उजळला. "किती सुंदर!" त्या म्हणाल्या.

मावशीने हातातलं बिस्कीट परत ताटलीत ठेवलं आणि उठून गेली.

पुढचे काही आठवडे काहीच घडलं नाही. मग गवंडी आले. अडगळीची खोली फोडून तिला कारखान्याच्या मधोमध तोंड काढलं, आणि त्या तोंडाला जमिनीपासून छतापर्यंत काच लावली. बोळ बुजवला. ड्रायरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना जाड गाद्या मारल्या. आत ढब्बूसारख्या दोन फुगीर खुर्च्या ठेवल्या, पक्ष्यांच्या चिवचिवाटाची ध्वनिफीत लावली, आणि दर थोड्या वेळाने आपोआप फुस्स करून फुलांचा वास सोडणारा एक डबा टांगला. दारावर पाटी आली: 'मनमोकळी खोली'. मोजे मात्र तेच राहिले.

उद्घाटनाला मोठे साहेब आले. साहेबांनी भाषण केलं की ही कल्पना कामगारांचीच आहे, आम्ही फक्त ऐकलं. काच का, तर आपल्याकडे मन मोकळं करायला लपायची गरज नाही, असा संदेश जावा म्हणून. हूं-हूं बाईंनी टाळ्या वाजवल्या. थोरलीला पुढे बोलावून फुलांचा गुच्छ दिला. ती गुच्छ हातात धरून उभी असतानाच साहेबांनी आतल्या भिंतीवरचा पडदा ओढला आणि तिला वाचता आलं. भल्यामोठ्या अक्षरांत लिहिलं होतं:

'टॉवेल खांद्यावर टाकून आत गेलं की अडकलेला श्वास परत येतो.' आणि खाली, लहान अक्षरांत: 'निवड विभागातील सर्वांत तरुण कर्मचारी'.

नाव नव्हतं. बाईंनी शब्द पाळला होता. निवडीच्या टेबलावर चौघी होत्या, त्यातल्या तिघींना नातवंडं होती.

मुकादमाची मान धाकटीकडे वळली. मग एकेक करून सगळ्यांच्या वळल्या. साहेबांच्याही ध्यानात आलं. "अरे वा, इथेच आहे का ती? ये बाळ, पहिला मान तुझा!" म्हणत त्यांनी तिला काचेच्या आत नेलं आणि त्या फुगीर खुर्चीत बसवलं. धाकटी तिच्यात रुतली, पाय वर आले, साडी सावरता सावरता तिची तारांबळ उडाली. फोटो निघाला. डबा फुस्स झाला. थोरलीने तो गुच्छ जवळच्या मैल्या कपड्यांच्या ढकलगाडीत टाकला. त्या गाडीचा वास तिला त्या क्षणी खरंच बरा वाटला.

"बाई, तुम्ही म्हणाला होता कुणाला कळणार नाही," तिने नंतर हूं-हूं बाईंना गाठून म्हटलं.

"नाव कुठे आहे?" बाई कळवळून म्हणाल्या. "आणि बघा ना, तिच्या अनुभवाचा किती सन्मान झाला!"

त्यांना खरंच तसं वाटत होतं. लबाड माणसाला निदान चार शिव्या घालता येतात. या बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या पाण्याची थोरलीला जितकी किळस आली तितकी उभ्या जन्मात कुठल्या चादरीची आली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मुकादमाने नवी खोड काढली. सकाळी टेबलाशी येऊन तो म्हणे, "हात बघू." धाकटी हात पुढे करी. तो डॉक्टरासारखा निरखून बघे. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणे, "जा, तुझ्या खोलीत बसून ये जरा." चौथ्या की पाचव्या दिवशी त्याने सुचवलं की बरं वाटेपर्यंत तिने घरीच राहावं. घरी राहिलेल्या बायांचं पुढे काय होतं ते थोरलीला माहीत होतं. ती रोलर सोडून तशीच त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"तिला रोलरवर घ्या. टेबलावर मी जाते."

"तू? या वयात?"

"माझे हात बघा," थोरली म्हणाली, आणि ते त्याच्या नाकापुढे धरले. ते हलत नव्हते. रागाने माणसाचे हात चांगले स्थिर राहतात.

धाकटीची नोकरी राहिली. रोलरवर ती रुळलीही. पण घरात ती थोरलीशी कामापुरतंच बोलू लागली. मीठ दे, पाणी तापलंय, औषधाची वेळ झाली. भांडली असती तर थोरलीने पाय धरले असते, पण ती भांडलीच नाही. कारखान्यात बायांनीही तोंड फिरवलं नाही, हसत-बोलत राहिल्या. फक्त थोरली जवळ आली की विषय बदले. काचेच्या खोलीत कुणीच जाईना. तिथले पक्षी दिवसभर एकटेच चिवचिवत. पण थोरलीला दिसे, मधूनच एखादी बाई कुठेतरी नाहीशी होते आणि तोंड धुऊन परत येते. म्हणजे त्यांनी दुसरी जागा शोधली होती. ती कुठे, हे तिला कुणी सांगितलं नाही. धाकटीलाही ती ठाऊक असणार.

हूं-हूं बाई पुन्हा आल्या, दुसऱ्या टप्प्यासाठी. खोलीचा परिणाम मोजायचा होता. हसऱ्या, रडक्या, मधल्या चेहऱ्यांची चित्रं आणली होती. बायांनी त्यातल्या एकावर बोट ठेवायचं. "तुम्ही विचारलंत तर त्या मोकळ्या होतील," बाई म्हणाल्या.

थोरलीने गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांच्या हातात दिलं. "त्या माझ्याशी मोकळ्या होत्या," ती म्हणाली. "तुम्ही यायच्या आधी." बाईंनी मान कलती केली. थोरली पुढचं हूं ऐकायला थांबली नाही.

त्याच दुपारी तिने एक गठ्ठा सोडला आणि चादरीच्या घडीत सुई दिसली. टोचली नाही. बोटाच्या अगदी कडेला, पातळ मोज्याला लागून, नुसती चमकली. थोरलीने चिमट्याने ती उचलून सुयांच्या डब्यात टाकली आणि पुढची चादर ओढली. मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला श्वास घेता येत नाहीये. धाकटीने कणीक मळताना सांगितलं होतं, अगदी तस्संच. तेव्हा तिने यंत्र धरलं होतं, ऐकलं नव्हतं.

तिचा हात आपसूक ओल्या टॉवेलकडे गेला. टॉवेल खांद्यावर आला. पाय चालू लागले, वर्षानुवर्षांच्या सवयीने, ड्रायरांच्या रांगेमागे, बोळाकडे. बोळ नव्हता. तिथे भिंत होती, आणि तिला लागून काचेची खोली. मागे फिरायलाही छातीत हवा उरली नव्हती, म्हणून ती आत शिरली, जमिनीवरच बसली आणि टॉवेल तोंडात कोंबून रडायला लागली. पक्षी चिवचिवत होते. डोक्यावर जावेचे शब्द होते. काचेपलीकडून सगळा कारखाना दिसत होता, म्हणजे सगळ्या कारखान्याला ती दिसत होती. मुकादमही लांबून यायला निघालेला दिसला. डबा फुस्स झाला, तो गोड वास तिच्या घशात गेला, आणि आता ओकारी होणार असं तिला वाटलं.

एवढ्यात काचेपुढे काहीतरी पांढरं आलं. मोठी चादर होती. तिची दोन टोकं मावशीने धरली होती, दोन धाकटीने. घडी घालायची तशी दोघींनी ती ताणली, छातीपर्यंत उचलली, आणखी वर उचलली. दोघींच्या पाठी काचेकडे होत्या. घडी पडते न पडते तोच त्या ती झटकून पुन्हा उलगडत. एक चादर घडी करायला किती वेळ लागतो ते मुकादमालाही माहीत होतं, पण चादर काही खाली आली नाही.

थोरली बाहेर आली तेव्हा मावशी आपल्या ड्रायरकडे निघून गेली होती. धाकटीने चादर काखेत मारली, थोरलीच्या खांद्यावरचा ओला टॉवेल काढून घेतला आणि आपल्या खांद्यावरचा कोरडा तिथे ठेवला. काय झालं म्हणून विचारलं नाही.

तुम्ही आता कुठे जाता गं, हा प्रश्न थोरलीच्या ओठांपर्यंत आला होता. तिने तो गिळला, टॉवेल सारखा केला आणि टेबलाकडे गेली.