भर उन्हात गेलेली लाईट

कृष्णातच्या छतावर सोलर बसलं त्या दिवशी अख्ख्या गल्लीला मटण होतं. पॅनेलला हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि हा गडी पांढऱ्या रश्श्याची बादली घेऊन वाढत सुटला. सोलर बसवणारा विश्वजित भिंतीवरच्या पेटीपाशी उभा राहून सांगत होता, "पॅनेल उन्हाची वीज करतंय, ही पेटी ती घरात चालंल अशी करून देतीय. पण दादा, बाहेरची लाईट गेली की हेबी बंद पडतंय बघा. न्हायतर आपली वीज तारंत उलटी जाऊन खांबावरच्या वायरमनला लागंल. तवा वेगळी बॅटरी..."

"व्हय व्हय, कळलं! आधी जेवाय बस," कृष्णात ओरडला. ऐकतोय कोण? पंगत समोर, आणि अंगात राजा शिरलेला!

शेजारच्या खतिजाची सासू ऑक्सिजनच्या मशीनवर. लाईटीचा भरवसा नाही म्हणून खतिजा इन्व्हर्टर घेणार होती. "खुळी का काय तू?" कृष्णात भर पंगतीत म्हणाला. "माझ्या छतावर सूर्य हाय की! लाईट गेली तर हाक मार, वायर टाकतो." उचलली जीभ, लावली टाळ्याला. खतिजानं इन्व्हर्टरचा नाद सोडला. भाऊ म्हणायची ती त्याला.

वैशाखात भर दुपारी लाईट गेली. खतिजा धावत आली, "भाऊ, वायर टाका!" कृष्णातनं ऐटीत वायर टाकली, बटण दाबलं. काही नाही. दुसरं दाबलं. त्याच्याच घरातला पंखा थांबला होता. वर पॅनेलला हात लावला तर चटका बसावा असं ऊन, आणि खाली सगळं ठप्प. तेव्हा विश्वजितचं बोलणं आठवलं आणि कृष्णातच्या तोंडचं पाणी पळालं.

म्हातारीला पाठीवर घेऊन तो रिक्षाकडं पळाला. धापा टाकत तिनं त्याच्या कानाशी विचारलं, "लेकरा, तुझ्या घरातबी लाईट न्हाय व्हय? उकडत असंल की रं तुमास्नी." त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दवाखान्यात ऑक्सिजन लागला. म्हातारी वाचली. बाहेर बाकड्यावर खतिजा सोलरवाल्याला शिव्या घालत होती. "फसवलं की मुडद्यानं तुमाला, भाऊ!"

नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण कानात म्हातारीचं 'लेकरा' घुमत होतं.

"त्यानं सांगितलं हुतं," तो फरशीकडं बघत म्हणाला. "मीच ऐकलं न्हाय. रस्सा वाढत हुतो."

खतिजानं वळून त्याच्याकडं बघितलं.

"मग मला इन्व्हर्टर का घेऊ दिला न्हाईसा?"

भाऊ म्हणाली नाही ती.