वारसांच्या यादीतला दादा

वडील गेले तेव्हा ताई छप्पन्न वर्षांची होती. चष्म्याच्या दुकानात फ्रेमला काचा बसवायची. उरलेला सगळा वेळ आईवडिलांचा. लग्न राहूनच गेलं. वडिलांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. विषय काढला की म्हणायचे, "मला घालवायची एवढी घाई?"

घराची मागची भिंत फुगली होती. दुरुस्तीची परवानगी मालकालाच मिळते, म्हणून घर नावावर करायला ताई कचेरीत गेली.

"वारस किती?" कारकुनानं विचारलं.

"आई, मी आणि दादा."

"मग तिघांच्या सह्या आणा."

दादा वडिलांशी भांडून एकवीस वर्षांपूर्वी जो गेला, तो गेलाच. कारकून माणूस भला होता. आवाज खाली आणून म्हणाला, "मग तो मयत असल्याचा कोर्टाचा हुकूम लागेल. त्याआधी पेपरात नोटीस. आणि अर्जावर आईची सही."

आईनं अर्ज शेवटपर्यंत वाचला.

"एका भिंतीसाठी पोटच्या पोराला मारू?"

"नुसतं कागदावर गं, आई."

"बापानं घरातून काढला, तू जगातून काढ."

त्यानंतर तीन आठवडे ती ताईशी बोलली नाही. मग एका दुपारी ती मोरीत असताना भिंतीचा गिलावा थेट तिच्या अंथरुणावर कोसळला. ताईनं मुकाट्यानं ढिगारा उपसला. आई जवळ आली, म्हणाली, "आण तो कागद." तिनं सही केली.

नोटीस छापून आली आणि पंधरा दिवसांनी एक पत्र आलं. सोबत मृत्यूचा दाखला होता.

'मी त्यांची बायको. ते सहा वर्षांपूर्वी काविळीनं गेले. शेवटी आई आई करत होते, पण कळवू दिलं नाही. म्हणाले, पत्र वडिलांच्या हाती पडेल. आम्हाला दोन मुली आहेत. तुमच्याशी माझं वैर नाही, पण मुलींचा हक्क मी सोडणार नाही.'

पत्र दडवावं असं ताईच्या मनात आलं, पण आई दारातच उभी होती. वाचून दाखवावंच लागलं.

आई रडली नाही. म्हणाली, "मग सहा वर्षं मी कुणाची वाट बघत होते गं?"

ताई पत्र आणि दाखला घेऊन कचेरीत गेली.

"आता वारस पाच झाले," कारकून म्हणाला. "मुली अज्ञान आहेत, अठराच्या आतल्या. कोर्टाची परवानगी घ्यावी लागेल. दोनेक वर्षं धरून चाला."

आई तेवढं थांबली नाही. तिनं अन्नावरची वासनाच सोडली. दोन घास खा म्हणून ताईनं हातापाया पडून पाहिलं. अडीच महिन्यांत आई गेली.

भिंतीला आता बाहेरून लाकडी टेकू दिले आहेत. ताई पुढच्या खोलीत झोपते. घर अजून वडिलांच्याच नावावर आहे. वहिनीला उत्तर लिहायला ती दोनदा बसली. 'आई गेली' एवढं लिहिलं, आणि हे कळवायचं तरी कुणाला, असं वाटून कागद तसाच राहिला.