लोखंडाच्या आरशावर कुंकू

दसऱ्याच्या सकाळी खेमराज मास्तरांनी शाळेतून घासायला घरी आणलेल्या चुंबकाच्या गाभ्यावरचे फडके उचलले आणि संताप त्यांच्या मस्तकात गेला. घासूनघासून आरशासारख्या केलेल्या लोखंडावर हळदीकुंकवाची ओली बोटे ओढलेली होती. त्यांच्या कडेने गंज धरला होता.

"हे कोनं केलं?"

"मीच केलं," त्यांच्या पत्नी अनुसयाबाई चुलीपासूनच म्हणाल्या. "काल खांडेनवमी होती. विळ्याची पूजा केली, कुऱ्हाडीची केली. तुमचंच लोखंड काऊन सोडू? उद्या साहेब येऊन राहिला, म्हणून तं दोन बोटं जास्त लावली."

"आरसा आहे तो, आरसा!"

"मंग आरशाम्होरं बसूनच तं कुंकू लावते बाई."

शाळेचे विद्युतचुंबक गोंदियात ठेवायचे की नागपूरला परत न्यायचे, हे तपासनीस साहेब प्रयोग पाहून ठरवणार होते. मास्तर दिवसभर पडवीत लोखंड घासत राहिले. सोने द्यायला आलेल्यांवरही खेकसले.

दुसऱ्या दिवशी प्रयोगाच्या खोलीत काळे पडदे सोडले. निकोलच्या लोलकातून गेलेला प्रकाश एकाच प्रतलात कंप पावतो. तो लोखंडावरून परतवून दुसरा लोलक आडवा धरला की अंधार होतो. चुंबकात प्रवाह सोडताच ते प्रतल किंचित वळते आणि अंधारात पुसट उजेड उमटतो. मास्तरांनी कळ दाबली.

"काही दिसत नाही. नेऊ या हे," म्हणत साहेबांनी चिरूट तोंडात धरून काडी ओढली.

मास्तरांनी ती फुंकून विझवली आणि दाराला कडी घातली. "बसा. डोळे अंधाराला सरावल्याशिवाय कोणी बाहेर जाणार नाही."

"कोणाशी बोलता आहात, ठाऊक आहे?"

"न पाहताच निकाल देणाऱ्याशी."

साहेब फणफणत खुर्चीत बसले. बराच वेळ गेला. मग मास्तरांनी कळ दाबली, सोडली, पुन्हा दाबली.

"आला," साहेबांच्या तोंडून निघून गेले. "गेला... आला!"

कडी निघाली. साहेब मान पुसत म्हणाले, "यंत्र इथेच राहील. चालवायला मात्र शिस्त कळणारा माणूस पाठवीन."

घरी मास्तरांनी दातओठ खात सगळे सांगितले. अनुसयाबाईंनी पदर खोचला.

"मंग कडी कायले काढली त्या मेल्यासाठी?"