गाडी काढायला

कर्वेनगरचे श्यामसुंदर केतकर कुठल्याही सिनेमाचा शेवट पाहत नसत. खेळ संपत आला की त्यांना पडद्यावर पार्किंग दिसू लागायचं. मग अंधारात लोकांचे पाय तुडवत, "मी गाडी काढतो, तू ये मागून," असं कुजबुजून ते बाहेर पडायचे. गर्दीत अडकणं हा त्यांच्या लेखी गुन्हाच होता. लग्नात पहिली पंगत, कीर्तनात आरतीआधी चपला. जन्मभर त्यांच्या पत्नी आनंदीबाई घरी जाताना त्यांना शेवट सांगत आल्या, आणि ते "म्हणजे गोडच झालं की," म्हणून गिअर बदलत आले.

याला वेळेची काटकसर म्हणा हवं तर. पण वडील गेले तेव्हा श्यामसुंदर रुग्णवाहिका कुठवर आली ते बघायला कोपऱ्यावर गेले होते. आई गेली तेव्हा ते औषधाच्या दुकानात होते, आणि ते औषध डॉक्टरांनी आदल्याच दिवशी बंद केलं होतं. हे बायकोच्या लक्षात असेल असं त्यांना वाटत नव्हतं.

आता पाळी आनंदीबाईंची होती. पोटातला कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. डॉक्टर आणखी केमो द्यायला तयार होते, पण उपयोगाबद्दल काही बोलेनात. तेव्हा आनंदीबाईंनीच "आता पुरे" म्हणून सांगून टाकलं. त्या दिवसापासून त्या काही बोलायला लागल्या की श्यामसुंदरांना पाण्याची मोटर आठवायची, नाहीतर गॅसचा नंबर लावायचा राहिलेला असायचा.

अशात शेजारची सलोनी एका विज्ञानपटाचं कौतुक करून गेली. काकू, बघून फार बरं वाटतं, म्हणाली. श्यामसुंदरांनी लगोलग तिकिटं काढली. असला उमेदीचा सिनेमा पाहिला तर ही केमोला हो म्हणेल, अशी त्यांची आशा. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय. आनंदीबाईंनी अट घातली ती एकच, आज शेवटपर्यंत बसायचं. ते हो म्हणाले.

दुपारचा खेळ होता, मॉलमधलं थिएटर निम्मं रिकामं. राष्ट्रगीताला आनंदीबाई पुढची खुर्ची धरून उभ्या राहिल्या, बस म्हटलं तरी बसल्या नाहीत. सिनेमात करपलेली पृथ्वी सोडून माणसं यानातून एका दूरच्या ग्रहाकडे निघाली होती. त्यांच्यात बियाणं सांभाळणारी एक म्हातारी होती. ग्रह जवळ येत होता आणि म्हातारी खंगत चालली होती. मध्यंतरात आनंदीबाईंनी पर्समधून लपवून आणलेला दाण्याचा लाडू काढला, स्वतः चिमूटभर खाल्ला आणि बाकीचा नवऱ्याला दिला. आज हिच्या तोंडावर तजेला आहे, असं श्यामसुंदरांना वाटलं.

मग पडद्यावर म्हातारीचा श्वास अडखळू लागला. नेमकं तेव्हाच श्यामसुंदरांना आठवलं की बेसमेंटमधून वर यायला एकच रस्ता आहे. "गाडी काढतो," ते पुटपुटले. दिलेला शब्द आठवला नाही असं नाही. पण पाय आधीच निघाले होते.

मॉलच्या दारापाशी गाडी लावून ते वाट पाहत राहिले. लोक डोळे पुसत, हसत बाहेर आले, रिक्षा करून गेलेही. आनंदीबाईंचा पत्ता नव्हता. फोन बंद. रखवालदार ओरडत असताना गाडी तिथंच टाकून ते आत धावले.

थिएटरात दिवे लागले होते. एक बाई सांडलेलं पॉपकॉर्न झाडत होती. आनंदीबाई आपल्या जागेवर बसलेल्या होत्या, मांडीवर पर्स, डोळे उघडे. श्यामसुंदरांच्या जिवात जीव आला. त्यांनी शेवट काय झाला ते विचारलं.

"ती गेली," आनंदीबाई म्हणाल्या. "यान उतरलं, सगळे नवी जमीन बघायला धावले. नवरा तेवढा तिच्याजवळ बसून राहिला. बी मग रुजलं."

मग त्या म्हणाल्या, "माझ्या वेळी गाडी काढायला जाऊ नका."

आवाजात राग नव्हता, त्यामुळे श्यामसुंदरांना पळवाट सापडेना. म्हणजे कोपरा आणि औषधाचं दुकान, सगळं हिच्या लक्षात होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला भीती वाटते हो," त्या म्हणाल्या. "एकटीनं जायची."

केमोबद्दल घरून जुळवून आणलेलं बोलणं श्यामसुंदरांनी गिळून टाकलं.

"मलाही वाटते," ते म्हणाले, आणि शेजारच्या खुर्चीत बसले.

झाडणाऱ्या बाईनं खेळ संपल्याचं सांगितलं. बाहेर मॉलच्या स्पीकरवर एका गाडीचा नंबर पुकारत होते, दारातून ताबडतोब काढा म्हणून. नंबर त्यांचाच होता. आनंदीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

श्यामसुंदरांनी त्यांचा हात हातात घेतला. तो फार हलका झाला होता.

"पुकारू देत," ते म्हणाले.