आखूड होत गेलेला समुद्र

"समिंदर कमी केला काय गा, उत्तमराव?"

उत्तमरावांनी प्रोजेक्टरवरून मान वर केली. धाडच्या आठवडी बाजारात वांगी विकणारी गोजरबाई रिकामी टोपली काखेत धरून उभी होती.

उत्तमराव सरकारी प्रसिद्धी खात्याच्या गाडीवर चित्रपट दाखवीत. खात्याजवळ कशीबशी चालणारी फिल्म एकच होती. ज्यांच्या बैलगाडीचा आस चिखलीच्या बाजाराला कापूस नेताना नाल्यातच मोडे, त्यांना ती 'सारे जग एक बाजारपेठ' झाल्याची सुवार्ता सांगे. पडद्यावर नकाशा उमटे, मुंबईतून पांढरा बाण निघे आणि अरबी समुद्र कापत थेट विलायतेत घुसे. ना लाट, ना वादळ, ना जकात. नकाशा काढणाऱ्या शहाण्याने समुद्र पाहिला असेलही. बोटीवरचा माणूस काही पाहिला नव्हता, असे उत्तमरावांचे ठाम मत होते.

गोजरबाईचा मुलगा निवृत्ती मालबोटीवर खलाशी म्हणून गेला, तो गेलाच. ना पत्र, ना निरोप. पहिल्याच खेळाला तिने गाडीबरोबर येणाऱ्या खात्याच्या साहेबांना विचारले होते, "माहा पोरगा कुठीसा असन हो यात?"

साहेबांनी पान चघळत पडद्यावर छडी टेकवली होती. "हा काय, बाणाच्या टोकावर."

लोक हसले होते. ती हसली नव्हती. तेव्हापासून प्रत्येक खेळाला ती सर्वांत पुढे बसे.

फिल्म झिजलेली, बाण समुद्रात शिरला की हमखास तुटे. उत्तमराव फाटलेला तुकडा कापून दोन्ही टोके चिकटवत. जोडागणिक बाण पाण्यात एक उडी जास्त मारी.

"फिल्म तुटते, मावशी. तुकडा काढाच लागते."

"काढ ना बाप्पा. तेवढाच त्याले यायले सोपा."

"बाण तं नुसता जाते. येणारा बाण सरकारनं काढलाच नाही."

"जायाची वाट कमी झाली, मंग येयाची काय वाढन गा?"

उत्तमरावांनी मान खाली घालून रीळ गुंडाळायला घेतले.

पुढच्या खेपेला मुंबईहून नवी कोरी प्रत आली. साहेब भलतेच खूश. "आता नकाशा कसा सलग दिसेल, बघा. सरकारी माल आहे. ओरखडा उठला तर घरी बसाल."

"हो, साहेब."

साहेब सरपंचाकडे चहाला गेले. गोजरबाई पडद्यासमोर येऊन बसली होती. उत्तमरावांनी गाडीत शिरून नवी फिल्म दिव्यासमोर धरली आणि हाताने पुढे सरकवत समुद्र शोधून काढला. एकही चौकट कमी नव्हती. पुरता, कोडगा, सरकारी समुद्र. त्यांनी कात्री घेतली. जुन्या प्रतीत उरला होता त्याहून थोडा कमीच ठेवला, जोड फुंकून वाळवला आणि बाकीचा समुद्र गुंडाळून सदऱ्याच्या खिशात टाकला.

खेळ सुरू झाला. बाण मुंबईतून निघाला आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पैलतीराला लागला. साहेब खुर्चीतून अर्धवट उठले आणि मागे वळून पाहू लागले.

उत्तमरावांनी तिकडे लक्ष दिले नाही. ते पुढे पाहत होते. गोजरबाईने टोपली उचलून मांडीवर घेतली आणि थोडे सरकून शेजारी एका माणसापुरती जागा केली.