लेकरांच्या पायाची वाट

लेकरं संगं असली की वाट त्यांच्या पायानं निवडावी. पर ह्ये सांगावं कुनाला? ऐकतील तर आमचे मालक कसले!

येळवशीचा दिस व्हता. तवा निजामाचं राज, पर येळवशीला बेंबळीच्या शिवारात राज आमचंच. मार्गशीर्षातली अवस, ज्वारी डोक्याला लागल्याली, आन सारं गाव घराला कड्या लावून रानात. कडब्याची कोप, म्हंजी खोपटं, करायची, पूजा करायची, भज्जी-भाकरी खायची, आंबील प्यायची. वाटंनं जानारा कुनीबी असू दे, त्याला "या, आंबील प्या" म्हनून हाक मारायची. हाक आली की जायचं. न्हाई म्हनायची रीतच न्हाई.

आमच्या रानाला दोन वाटा. एक वढ्यातनं, जवळची, पर नुसते धोंडे आन बोरीचे काटे. दुसरी गाडीवाट, लांबची पर सपाट. मालक म्हनाले, "वढ्यातनं चला."

म्या म्हनलं, "माज्या काखंत तान्हं, डोक्यावर आंबिलीचं मडकं. तुमच्या डोक्यावर पाटी. सोमलिंग सहा वर्साचा, चन्नी चार वर्साची. वढ्यात कुनाकुनाला उचलता तुमी?"

"त्या गाडीवाटंवर त्याचं रान लागतं."

हां, खरं दुखनं ह्ये. त्यो म्हंजी माजे थोरले दीर, महांतप्पा. सख्खे भाऊ, पर वाटनीत विहीर दिरांकडं गेली तवापासनं बोलनं बंद. मालक मुनसफीत दावा हरले तरी ताठा जाईना. घरात दिरांचं नाव काढायची चोरी. चन्नीचा तर जलमच त्या भांडनानंतरचा.

"भांडन तुमचं, पाय लेकरांचे," म्या म्हनलं आन सरळ गाडीवाटंला लागले. मालक फणफणत मागनं आले.

वाट लई सोपी. कुनाचा हात धरायची गरजच पडंना. लेकरं मागं मोकळी, करडईची बोंडं तोडीत, हसत-खिदळत. मला वाटलं, जिंकले बाई आज!

दिरांच्या रानाजवळ आलो तर जाऊबाई बांधावर उभ्या. मल्लम्मा त्यांचं नाव. भांडन असो का काई असो, येळवस ती येळवस. हात हालवून म्हनाल्या, "या गं, आंबील प्या! लेकरांना घेऊन या!"

मालकांनी तोंड फिरवलं आन झपाझपा पुढं गेले. येळवशीची हाक मोडली! माज्या अंगावर काटा आला. पर डोक्यावर मडकं, काखंत लेकरू. मान वळवायची सोय न्हवती. मुकाट मागं गेले.

थोडं पुढं गेलो आन मागनं दिरांनी मालकांना हाक मारली. "गुंडू! आरं गुंडू, थांब!"

मालक गालात हसले. "बघितलं? आता गोड बोलतोय."

मग जाऊबाईंची हाक. एक, दोन, मग नुसता वरडा. आंबील प्यायला कुनी आसं वरडतं व्हय? म्या म्हनलं, "अवो, आवाज येगळाच वाटतुया. थांबा की!"

"मागं बघायचं न्हाई. वरडू दे घसा फुटस्तोर."

वारं आमच्या तोंडावर, मागचे शब्द कळंनात. आमच्या कोपीपाशी आलो, म्या मडकं उतरवलं आन मागं वळले. एकटा सोमलिंग.

"चन्नी कुठं रं?"

"त्या बाईनं हाक मारली न्हवं, या म्हनून," सोमलिंग म्हनाला. "ती गेली."

वाट आन दिरांची कोप ह्याच्या मधी ती विहीर. काठाला कठडा न्हाई, तोंडावर गवत लोंबल्यालं. मेले गं माय! तान्हं सोमलिंगाजवळ टाकलं आन पळत सुटले. "खात बसली असंल," म्हनत मालकबी मागं. पर त्यांचा आवाज कापत व्हता.

विहिरीवर जाऊबाई पालथ्या पडून मोटंचा दोर आत सोडीत व्हत्या. डोईवर पदर न्हाई, हात रक्ताळल्याले. म्या आत डोकावले. दीर गळ्यापत्तुर पान्यात, एका हातानं कपार धरल्याली, आन दुसऱ्या हातानं माजी चन्नी डोक्यावर उचलून धरल्याली. ओठ काळेनिळे. कपारीतली बोटं एकेक सुटत व्हती.

"दादा!" मालक असे वरडले, की म्या तसा आवाज त्यांचा कंदी ऐकला न्हवता. झटक्यात दोर घेतला, सोताच्या कमरंला गुंडाळला, दिरांनी खालचं टोक धरलं, आन आमी तिघांनी मिळून वढलं. चन्नी दिरांच्या गळ्याला चिकटल्याली. काठावर आले आन तसेच आडवे पडले.

म्या छाती पिटून रडायला लागले. वढ्यातनं गेलो असतो तर हात सोडला नसता की गं तिचा! सोप्या वाटंनंच घात केला!

जाऊबाई धापा टाकीत मालकांसमोर उभ्या ऱ्हायल्या. "आमी का आंबील प्यायला बोलवत व्हतो, भाऊजी? किती वरडले मी! ह्यांनी उडी टाकली तवापासनं वरडतीया! तुमी चाल वाढवली!"

मालकांचं तोंड पांढरंफटक.

चन्नी थरथरत व्हती, पर दिरांच्या गळ्याची मिठी सोडंना. म्या घ्यायला गेले तर आनकी घट्ट धरलं. मग मान वर करून तिनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं, येगळं काई बघावं तसं, आन मला इचारलं, "आई, ह्ये कोन हायेत?"

बांधाला बांध लागून रान, आन माज्या लेकराला म्हाईत न्हाई तिला मरनातनं कुनी काढलं. लाजंनं म्या मालकांकडं बघितलं.

मालक चिखलात गुडघ्यावर बसले. मग लहान पोरावानी हुंदका देऊन म्हनाले, "तुजे मोठे आप्पा हायेत, बाळा. माजा दादा हाय ह्यो."