सहावा तारा

तपासणीला आलेल्या शालिग्राम साहेबांनी हजेरीचा कागद डाव्या हाताशी ठेवला, उजव्या हाताने एकेक अक्षर शोधून दाबलं आणि संगणकावरचं झुंबरबाई महाजनांचं कुलूप उघडलं.

“गिरधर,” ते मोठ्याने म्हणाले. “पुढच्या भागाबाई. तोताराम. हेही उघडलं.”

भागाबाईंनी पदर तोंडावर घेतला. “व माय! कायदा मुंबईले झाया, नि मन्हा नवरानं नाव अठे उघडं पडनं!”

बायका हसल्या. साहेब हसले नाहीत. पाऊण तासात दहा जणींची दहाही कुलुपं त्यांनी उघडली. हजेरीच्या कागदावर प्रत्येकीच्या नावानंतर नवऱ्याचं नाव होतं, आणि तेच प्रत्येकीने पासवर्ड म्हणून ठेवलं होतं. शिकवणाऱ्या मंदाताईंनी सांगितलं होतं, जो शब्द तुमच्या तोंडून कधीच बाहेर पडणार नाही असा निवडा. दहा जणींनी, एकमेकींना न विचारता, तो नियम काटेकोर पाळला होता.

“पंधरा दिवसांनी पुन्हा येतो,” साहेब मंदाताईंना म्हणाले. “दहातली सात तरी टिकली पाहिजेत. नाहीतर वर्गाला मान्यता नाही.” आणि ते धुळ्याच्या एसटीसाठी निघून गेले.

सत्त्याण्णव साल होतं. सरकारी नोंदी संगणकावर जायला लागल्या होत्या. ज्यांच्या हाती त्या जातील त्यांना त्या सांभाळण्याचं शिक्षण मिळालं पाहिजे, आणि ते गावोगावच्या सेवाभावी संस्थांनी द्यावं, असा नवा कायदा झाला होता. एरंडोलच्या महिला संस्थेने शिवणवर्गाची खोली रिकामी करून दोन संगणक मांडले. मंदाताई बीएस्सी झालेल्या, म्हणून शिकवणं त्यांच्याकडे आलं.

झुंबरबाई ज्या कार्यालयात होत्या तिथे त्यांचा नवरा गिरधर शिपाई होता. तो गेल्यावर त्याच्या जागी त्यांना घेतलं. दहा वर्षं त्यांनी माठ भरले. मग अक्षर सरळ आहे म्हणून गेल्या वर्षी त्यांना जन्ममृत्यूच्या नोंदींवर बसवलं. आता नोंदी संगणकावर जाणार होत्या. प्रमाणपत्र मिळालं तर त्या खुर्चीवर त्या राहणार होत्या. नाही मिळालं तर जळगावहून दुसरं माणूस येणार होतं आणि त्या पुन्हा माठाकडे. कार्यालयाच्या मोठ्या साहेबांनी हे त्यांना शांतपणे सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मंदाताई फळ्यावर काहीतरी लिहून पुसत होत्या.

“ताई,” झुंबरबाई म्हणाल्या, “आम्ही नाव असं उघडं घेतच नाही. उखाण्यात घेतो. पासवर्ड उखाण्याचा केला तर?”

“उखाणा त बठ्ठास्ले, आख्खा गावले पाठ शे, अक्का,” भागाबाई म्हणाल्या.

“जुना नहीं. नवा बांधा. कोनलेच ऐकाडू नका.”

“ऐकाले कोनी नहीं, त मग नाव घेवानी मजा काय?”

एके काळी गल्लीतल्या प्रत्येक लग्नात नव्या नवरीला उखाणा झुंबरबाईच बांधून देत. गिरधर गेल्यापासून अकरा वर्षांत त्यांना कोणी उखाणा मागितला नव्हता. मागत नसतात. त्या उठल्या आणि खडू हातात घेतला.

“केळीच्या बागेत पाण्याचा पाट, अमुकरावांची पाहते वाट,” त्यांनी लिहिलं. “आता प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर इंग्रजीत घ्यायचं. आणि नावाच्या जागी नाव नाही, आकडा. आपल्या मनातला.”

फळ्यावर जे उरलं ते कोणालाच वाचता येईना. मंदाताईंनी कोपऱ्यात गणित मांडलं. “उखाणा थोडा लांबवून नुसती दहा अक्षरं धरली तरी चौदावर तेरा शून्यं, एवढ्या तऱ्हा होतात. साहेबांना आयुष्य पुरणार नाही.”

“चौदावर तेरा शून्यं? इतला टोमणा त मन्ही सासू बी मारत नहीं!” भागाबाई म्हणाल्या.

“हा फळ्यावरचा कोणी ठेवू नका,” झुंबरबाई म्हणाल्या, “हा आता उघडा झाला.” आणि त्यांनी तो स्वतः पुसला.

पंधरा दिवस त्या एकेकीजवळ बसल्या. यमक जुळत नसेल तर दोन-तीन शब्द सुचवत आणि मग, उखाणा पुरा व्हायच्या आत, उठून लांब जात.

शालिग्राम साहेब आले ते सकाळी दहाला. हजेरीतली नावं झाली, मुलाबाळांची झाली, पद्मालयचा गणपती झाला, तापी झाली.

“माहेर कुठलं तुमचं?” त्यांनी झुंबरबाईंना विचारलं.

“चोपडा, साहेब. बघा टाकून.”

त्यांनी टाकलं. काही झालं नाही. बारा वाजेपर्यंत एकच कुलूप उघडलं, भागाबाईंचं. कारण त्या बटणं दाबताना उखाणा गुणगुणत होत्या आणि साहेब मागेच उभे होते.

“नऊ,” साहेब म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला. “धुळ्यात आमच्या शिकलेल्या लोकांचे तीन टिकले होते.” मान्यतेच्या कागदावर सही करून त्यांनी पेन खिशात लावलं. “झुंबरबाई, आता निकाल लागला. तुमचा काय होता, तेवढं सांगा.”

“कायद्यात बसत नाही, साहेब.”

ते पहिल्यांदाच हसले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. भागाबाईंनी झुंबरबाईंना मिठीच मारली. “अक्का, तुम्हीन बठ्ठास्ले तारं!”

सोमवारी कार्यालयात झुंबरबाईंनी येताना माठ भरला, कारण नवा शिपाई अजून यायचा होता. हात पुसले. प्रमाणपत्र टेबलाच्या काचेखाली सरळ केलं आणि खुर्चीवर बसून संगणक सुरू केला. बाहेर बाळाची नोंद करायला एक जोडपं थांबलं होतं.

त्यांनी ओठ मिटून घेतले. काळ्या पडद्यावर अक्षराच्या जागी एकेक तारा उमटू लागला. एकूण अकरा. सहाव्याशी, जिथे नावाच्या जागी आकडा होता, त्यांचं बोट क्षणभर थांबलं. मग त्यांनी तो आकडा दाबला, उरलेले पाच तारे पुरे केले आणि बाळाच्या वडिलांचं नाव विचारलं.